पश्चात्ताप, पापक्षमा व तारण (ख्रिस्ती धर्मातील)

पश्चात्ताप, पापक्षमा व तारण : ख्रिस्ती धर्मविचारातील परस्परावलंबी अशा तीन संकल्पना. मनुष्याने पापाकडे पाठ फिरवून परमेश्वराकडे वळणे म्हणजे पश्चात्ताप, परमेश्वराने ते पाप त्याच्या लेखी न धरता तुटलेले नाते पुन्हा जोडणे म्हणजे पापक्षमा आणि पाप व मृत्यू यांच्या सत्तेतून सुटून परमेश्वराच्या सहवासातील जीवन लाभणे म्हणजे तारण होय. या तिहींचा परस्परसंबंध वरवर सरळ दिसतो. तथापि माणूस पश्चात्ताप करतो म्हणून त्याला क्षमा मिळते, की क्षमा आधीच देऊ केलेली असते म्हणून त्याला पश्चात्ताप करणे शक्य होते, हा प्रश्न ख्रिस्ती इतिहासातील फार मोठ्या वादांच्या मुळाशी आहे. धर्मसभेचे संस्कार, धर्मगुरूचे अधिकार आणि पंथापंथांतील फूट यांचा उलगडा पुष्कळ अंशी या एका प्रश्नावरून होतो.

ख्रिस्ती मताप्रमाणे पाप म्हणजे केवळ नियमभंग नव्हे. तो परमेश्वराशी असलेल्या नात्याचा भंग होय. कर्मसिद्धांतात कृत्याचे फळ कर्त्याला एका अटळ नियमाने मिळते. ख्रिस्ती विचारात पापामुळे दुखावला जातो तो व्यक्तिरूप परमेश्वर. त्यामुळे क्षमा ही आपोआप घडणारी घटना नसून कोणीतरी करावयाची, आणि म्हणून नाकारताही येण्यासारखी, कृती ठरते. पतितपावन ईश्वराची भक्तिपरंपरेतील कल्पना मराठी वाचकास या विचाराच्या अधिक जवळ नेऊ शकेल. मात्र संचित आणि प्रारब्ध यांच्या चौकटीत बसवून पाहिल्यास ख्रिस्ती पापक्षमेचा अर्थ निसटतो.

मूळ भाषांतील शब्दांचा विचार येथे आवश्यक आहे. जुन्या करारातील ‘शूव’ या हिब्रू धातूचा अर्थ परत फिरणे असा असून तो वाट चुकलेल्या प्रवाशालाही लागू पडतो. नव्या करारातील ‘मेटानोइया’ हा ग्रीक शब्द मनाचे, म्हणजे विचारांच्या दिशेचे, परिवर्तन सुचवितो. लॅटिन भाषेत त्यासाठी ‘पेनिटेन्शिया’ हा शब्द रूढ झाला व त्यात खंत आणि भोगावयाची शिक्षा या दोन्ही छटा येऊन मिसळल्या. मराठीतील ‘पश्चात्ताप’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ मागाहून होणारा ताप असा आहे. त्यात खंत आहे, परंतु वळणे नाही. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द विहित विधीचा वाचक असून मराठी बायबलात तो ख्रिस्ताच्या आत्मार्पणासंबंधी योजिला आहे. खंत आणि परिवर्तन यांतील भेद शुभवर्तमानांतील दोन शिष्यांच्या वृत्तांतून स्पष्ट होतो. यहूदाला आपल्या विश्वासघाताची खंत वाटली, त्याने चांदीची तीस नाणी परत केली व गळफास घेतला. पेत्रानेही गुरूला तीनदा नाकारले आणि तो रडला. पण तो पुन्हा शिष्यांत परतला. यहूदाची खंत पेत्राच्या खंतीहून कमी होती असे म्हणता येणार नाही.

जुन्या करारात पापनिवारणाचे दोन मार्ग दिसतात. लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात वार्षिक प्रायश्चित्तदिनाचा विधी सांगितला आहे : एका बकऱ्याचे बलिदान करावयाचे व दुसऱ्याच्या मस्तकावर लोकांची पापे ठेवून त्यास अरण्यात सोडून द्यावयाचे. संदेष्ट्यांनी मात्र अंतःकरण न पालटता केलेल्या बलिदानांवर कठोर टीका केली. नाथान या संदेष्ट्याने दावीद राजास त्याच्या व्यभिचाराची व हत्येची जाणीव एका गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगून करून दिली. दावीदाने पाप कबूल केले व त्यास क्षमाही मिळाली. तथापि कृत्याचे परिणाम टळले नाहीत. क्षमा आणि परिणामांतून सुटका या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सूत्र येथूनच ख्रिस्ती विचारात आले आहे.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने यार्देन नदीकाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा दिला. येशूच्या गालीलातील उपदेशाचा आरंभही पश्चात्तापाच्या हाकेनेच होतो. परंतु येशूच्या वागण्यात एक वेगळेपण होते व तत्कालीन धर्मनिष्ठांना तेच खटकले. जकातदार व पापी म्हणून हिणविलेले लोक सुधारण्याची वाट न पाहता तो त्यांच्या पंक्तीस बसे. यरीहो येथील जकातदारांचा मुख्य जक्कय याच्या घरी तो आपणहून गेला आणि त्यानंतर जक्कयाने आपले अर्धे धन गरिबांना देण्याचे व फसवून घेतलेले चौपटीने परत करण्याचे जाहीर केले. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही हाच क्रम आहे. घरी परतणाऱ्या मुलाने क्षमायाचनेचे शब्द जुळवून ठेवले होते. पण बाप त्याला दुरून पाहताच धावत गेला आणि ते शब्द पुरते उच्चारले जाण्यापूर्वीच त्याने मुलाला मिठी मारली. मुलाने परत येणे मात्र आवश्यक होते. दाखल्याचा उत्तरार्ध घराबाहेर रुसून उभ्या राहिलेल्या थोरल्या, सदाचारी मुलासंबंधी असून तो समेट करतो की नाही, हे अनिर्णीतच ठेवले आहे.

मिळालेली क्षमा पुढे दिली पाहिजे, हा येशूच्या शिकवणुकीचा दुसरा भाग होय. मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय १८) एका चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज राजा माफ करतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे सु. ६,००० दिनार. त्या हिशेबाने पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे, तर दुसरे शंभर दिवसांचे होते. शंभर दिनार ही रक्कम क्षुल्लक नव्हती, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. माणसांनी एकमेकांना दिलेले दुःख खरे नसते असे हा दाखला सांगत नाही. ते कोणत्या मोठ्या हिशेबाशेजारी ठेवून पाहावे एवढेच तो सांगतो.

ख्रिस्ताच्या क्रूसावरील मृत्यूने तारण साध्य झाले, ही श्रद्धा सर्व पंथांना समान आहे. ते कसे झाले याविषयी मात्र सर्वमान्य असा एकच सिद्धांत नाही. खंडणी देऊन दासांना सोडविणे, न्यायालयात नीतिमान ठरविले जाणे, वैऱ्यांत समेट होणे व बलिदान अशा अनेक रूपकांचा सेंट पॉलने उपयोग केला आहे. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म (१०३३–११०९) याने पापाने झालेला परमेश्वराच्या प्रतिष्ठेचा भंग भरून काढण्यास मनुष्य असमर्थ असल्याने देव-मनुष्य अशा ख्रिस्ताने ती भरपाई केली, अशी मांडणी केली. पीटर ॲबेलार्ड (१०७९–११४२) याने उलटपक्षी क्रूसावरील प्रेमाचे दर्शन माणसाच्या अंतःकरणात प्रेम जागविते यावर भर दिला. पुढील काळातील बहुतेक उपपत्ती या दोहोंपैकी एकीकडे झुकतात.

आद्य ख्रिस्ती समाजापुढील खरी अडचण वेगळीच होती. बाप्तिस्म्याने पूर्वीची सर्व पापे धुतली जातात. मग बाप्तिस्म्यानंतर पाप केले तर काय? ‘हर्मासचा मेंढपाळ’ या दुसऱ्या शतकातील ग्रंथाने आणखी एकदाच पश्चात्तापाची संधी मान्य केली. कार्थेजचा टर्टल्यन (सु. १६०–सु. २२५) याने या संधीला फुटलेल्या जहाजाच्या प्रवाशाला सापडलेल्या फळीची उपमा दिली, पुढे कडव्या माँटॅनिस्ट पंथात गेल्यावर मात्र व्यभिचारासारख्या पापांची क्षमा धर्मसभेने करू नये, असे तो म्हणू लागला.

हा प्रश्न इ. स. २५० मध्ये ऐरणीवर आला. रोमन सम्राट डीशियस याने सर्व प्रजाजनांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असे फर्मान काढले. अनेक ख्रिस्ती लोकांनी भयापोटी बळी अर्पण केले. काहींनी प्रत्यक्ष बळी न देता लाच देऊन नुसता दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर हे ‘पतित’ परत येऊ लागले. तुरुंगवास भोगलेल्या काही धीरांनी त्यांना सरसकट क्षमेच्या चिठ्ठ्या दिल्या, तर रोममधील नोव्हेशन याने त्यांना धर्मसभेत पुन्हा स्थान देण्याचे साफ नाकारले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याची स्थिती नाजूक होती, कारण छळाच्या काळात तो स्वतः अज्ञातवासात गेला होता. त्याच्या पुढाकाराने इ. स. २५१ मध्ये भरलेल्या परिषदेने प्रत्येक प्रकरण वेगळे तपासण्याचे ठरविले. दाखला विकत घेणाऱ्यांना लवकर परत घ्यावे, बळी देणाऱ्यांना दीर्घ पश्चात्तापानंतर मृत्यू समीप आल्यावर घ्यावे, असा तो निर्णय होता. दोनएक वर्षांत नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच पश्चात्तापदग्ध अशा सर्वांनाच परत घेण्यात आले. धर्मसभा ही निष्कलंकांची मंडळी आहे की आजाऱ्यांचे शुश्रूषागृह, या प्रश्नाचे उत्तर या निर्णयाने बऱ्याच अंशी दिले. नोव्हेशनचे अनुयायी त्यापुढेही काही शतके वेगळे राहिले.

चौथ्या-पाचव्या शतकांत सार्वजनिक पश्चात्तापाची शिस्त पूर्णत्वास गेली. मूर्तिपूजा, हत्या व व्यभिचार यांसारख्या घोर पापांसाठी अपराधी व्यक्ती ‘पश्चात्तापी’ वर्गात दाखल होई. तरटाचे वस्त्र, राख, उपवास व उपासनेत वेगळी जागा ही त्या वर्गाची लक्षणे होती. पवित्र भोजनाच्या विधीत त्यांना भाग नसे. रोममध्ये ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी बिशप त्यांना पुन्हा मंडळीत घेई. सम्राट थीओडोशियस याच्या हुकमाने थेसालोनायका येथे इ. स. ३९० मध्ये कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ याने पत्र लिहून त्यास पश्चात्तापास प्रवृत्त केले व सम्राटाने तो जाहीरपणे केला. बिशपने सम्राटाला चर्चच्या दारातच अडविल्याची लोकप्रिय कथा ही नंतरची भर आहे. पत्र मात्र उपलब्ध असून ते अधिक संयत आणि अधिक परिणामकारक आहे. या शिस्तीचा दोष असा, की ती आयुष्यात एकदाच उपलब्ध होती व क्षमा मिळाल्यावरही विवाह, सैन्यसेवा इत्यादींबाबतचे निर्बंध जन्मभर राहत. परिणामी लोक पश्चात्ताप मरणशय्येवर ढकलू लागले. अपवादात्मक कठोरतेने संस्थाच निरुपयोगी करून टाकावी, असा हा प्रकार होता.

यातून वाट निघाली ती रोममधून नव्हे, तर आयर्लंडच्या मठांतून. तेथील संन्यासी एकमेकांना खासगीत, आणि कितीही वेळा, पापनिवेदन करीत. कोलंबानस (मृ. ६१५) व त्याच्या सहकाऱ्यांनी ही प्रथा यूरोपच्या मुख्य भूमीवर नेली. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहावे, यांची कोष्टके असलेल्या पुस्तिका तयार झाल्या. स्पेनमधील टोलीडो येथील परिषदेने (५८९) वारंवार क्षमा मागण्याच्या चालीचा निषेध केला. तरी ती पसरतच गेली. रोम येथील चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे, असा नियम केला व निवेदनाची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युती व मठात जन्मभर पश्चात्ताप अशी शिक्षा सांगितली. हृदयाची खंत, मुखाने निवेदन व कृतीने भरपाई अशी या संस्काराची त्रिविध रचना टॉमस अक्वाय्‌नस (१२२५–७४) आदी विद्वानांनी स्थिर केली. परमेश्वर तुला क्षमा करो, या प्रार्थनेच्या जागी मी तुला मुक्त करतो, हे धर्मगुरूचे अधिकारवाचक वचनही तेराव्या शतकात रूढ झाले.

याच व्यवस्थेतून दंडमाफीची पद्धत वाढली. पापाची क्षमा झाली तरी त्याचा ऐहिक दंड इहलोकी किंवा मृत्यूनंतर शुद्धिस्थानात भोगावा लागतो. ख्रिस्त व संत यांच्या पुण्यनिधीतून धर्मसभा तो माफ करू शकते, अशी त्यामागील उपपत्ती होती व पोप सहावा क्लेमेंट याने १३४३ मध्ये तिला अधिकृत रूप दिले. शास्त्राप्रमाणे दंडमाफी म्हणजे पापक्षमा नव्हे आणि तीस पश्चात्तापाची अट आहे. बाजारात मात्र हा भेद टिकला नाही. रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी योहान टेट्‌सेल हा जर्मनीत दंडमाफीची पत्रे विकू लागला, तेव्हा मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने १५१७ मध्ये आपली ९५ विधाने मांडली. त्यांतील पहिलेच विधान पश्चात्तापासंबंधी आहे : ख्रिस्ताला अभिप्रेत असलेला पश्चात्ताप हा एखादा विधी नसून श्रद्धावंताचे संपूर्ण जीवन होय, असा त्याचा आशय आहे. या भूमिकेला भाषाशास्त्राचाही आधार होता. लोरेंत्सो व्हाल्ला व इरॅस्मस या मानवतावादी पंडितांनी मूळ ग्रीक शब्दाचा रूढ लॅटिन अनुवाद सदोष असल्याचे दाखविले होते. धर्मसुधारणेसारख्या प्रचंड उलथापालथीच्या आरंभी एका शब्दाच्या भाषांतराचा वाद असावा, हे अभ्यासकांनी विसरू नये.

ल्यूथरच्या मते मनुष्य केवळ श्रद्धेने, परमेश्वराच्या कृपेमुळे, नीतिमान ठरतो. त्याची सत्कृत्ये हे तारणाचे कारण नसून फळ होय. खासगी पापनिवेदन त्याने सक्तीचे ठेवले नाही, पण सांत्वनासाठी राखले. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने श्रद्धा आधी व पश्चात्ताप तिच्यातून उद्भवणारा, असा क्रम निःसंदिग्धपणे सांगितला. या मतांचे मूळ सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने पेलेजियसशी केलेल्या वादात आहे. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो, असे पेलेजियस मानी. इच्छाशक्तीच दुर्बल झाली असल्यामुळे वळण्याची इच्छासुद्धा कृपेनेच होते, असे ऑगस्टीनचे म्हणणे. ट्रेंट येथील कॅथलिक परिषदेने (१५४५–६३) कृपेचा अग्रक्रम मान्य केला, परंतु मनुष्य तिला स्वेच्छेने साथ देतो, असेही ठामपणे सांगितले व पापनिवेदन हा ख्रिस्तप्रणीत संस्कार असल्याचे १५५१ मध्ये घोषित केले. पैशांच्या बदल्यात दंडमाफी देण्याची चाल पोप पाचवा पायस याने १५६७ मध्ये रद्द केली. प्रॉटेस्टंटांतही मतैक्य राहिले नाही. तारण कोणाचे व्हावे हे परमेश्वराने आधीच ठरविले आहे, या कॅल्व्हिनच्या मताला डच धर्मवेत्ता आर्मिनियस (१५६०–१६०९) याच्या व पुढे इंग्‍लंडमधील जॉन वेस्ली (१७०३–९१) याच्या अनुयायांनी विरोध केला.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा या न्यायालयीन भाषेपासून बरीचशी अलिप्त राहिली. तिच्या दृष्टीने पाप हा रोग व तारण हे आरोग्य होय. मनुष्याने परमेश्वराच्या जीवनात सहभागी होत जाणे हे तारणाचे अंतिम रूप. तेथे पापनिवेदन करणारा ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर उभा राहतो आणि धर्मगुरू त्याच्या बाजूला साक्षीदार म्हणून असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक चर्चने १९७३ मध्ये या संस्काराचा नवा विधी प्रसिद्ध केला व समेट या अर्थाच्या नावाला प्राधान्य दिले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्झबुर्ग येथे कॅथलिक चर्च व जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी, मनुष्य स्वतःच्या पुण्याईने नव्हे तर कृपेनेच स्वीकारला जातो, अशा आशयाच्या संयुक्त निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टांनी व २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेनेही त्यास संमती दिली. पापनिवेदन, शुद्धिस्थान व दंडमाफी यांविषयीचे मतभेद मात्र त्यामुळे मिटलेले नाहीत.

क्षमा स्वस्त होण्याचा धोका ख्रिस्ती विचारवंतांनी स्वतःच वारंवार दाखविला आहे. नाझी राजवटीत फाशी गेलेला जर्मन धर्मवेत्ता डीट्रिख बोनहफर (१९०६–४५) याने १९३७ मधील आपल्या ग्रंथात पश्चात्तापावाचून दिलेल्या क्षमेवर कठोर प्रहार केला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक देशांत धर्मगुरूंनी केलेले बालकांचे लैंगिक शोषण उघडकीस आले, तेव्हा अपराध्याला मिळालेली क्षमा ही पीडिताला नाकारलेल्या न्यायाची झूल तर ठरत नाही ना, असा प्रश्न उभा राहिला. ऑस्ट्रेलियातील शासकीय चौकशी आयोगाने २०१७ मध्ये अशा गुन्ह्यांची माहिती देण्याच्या सक्तीतून पापनिवेदनास वगळू नये, अशी शिफारस केली व तेथील काही राज्यांनी त्यानुसार कायदे बदलले. चर्चने गुप्ततेचा नियम सोडलेला नाही. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू अपराध्यास पोलिसांकडे जाण्याचा आग्रह करू शकतो, परंतु स्वतः बोलू शकत नाही, अशी ही कोंडी आहे. याउलट, क्षमा करण्याचा अधिकार दुखावलेल्या व्यक्तीचाच असतो आणि तिने तो बजावल्याने न्यायदान थांबत नाही, हे ओडिशातील एका घटनेत दिसून आले. कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे दोन अल्पवयीन मुलगे यांना जानेवारी १९९९ मध्ये जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. खटला मात्र चालला व शिक्षा झाल्या.

मराठीत या विषयाची मांडणी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) आढळतो. गोमंतकातील नवख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेल्या या ओवीबद्ध ग्रंथात त्यांनी वैकुंठ, मुक्ती यांसारखे रूढ शब्द ख्रिस्ती अर्थाने वापरले. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट वाङ्‌मयात ‘तारण’ व ‘तारणारा’ हे शब्द प्रतिष्ठित झाले. गहाण वस्तू हा व्यवहारातील ‘तारण’ शब्दाचा अर्थ त्याहून वेगळा आहे, तरी कर्ज व खंडणी यांच्या रूपकांमुळे मराठी वाचकाच्या मनात तो डोकावल्याखेरीज राहत नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा इंग्‍लंडमध्ये १८८३ साली झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र काही वर्षांनी भेटला, असे त्यांनी आपल्या १९०७ मधील आत्मनिवेदनात नमूद केले आहे. बाह्य संस्कार व अंतःकरणाचे वळणे यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील त्यांच्या ‘मुक्ती’ या संस्थेत १९०५ मध्ये मोठे धर्मजागरण झाले; त्यात शेकडो मुली व स्त्रियांनी रडत आपली पापे उघडपणे कबूल केली. तेथे पापनिवेदनपेटी नव्हती की धर्मगुरूचे मुक्तिवचनही नव्हते. गोव्यातील कोंकणी कॅथलिकांत मात्र धर्मगुरूजवळ खासगीत करावयाचे निवेदन आजही ‘कुमसार’ या नावाने प्रचलित असून ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात त्यास विशेष महत्त्व असते.